सुईण की डॉक्टर? सातव्या महिन्यात ठरवा



या पानावर आपण माझ्याकडून बेणेप्रक्रिया, पाचट, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असलेच काही वाचत आला आहात. या वेळचा विषय निराळा आहे. "साहेब, तुम्ही उसाचा माणूस, बायकांच्या बाळंतपणात कशाला पडता?" असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण सांगतो. गटात फिरताना दर हंगामात एक वाक्य हमखास कानावर येते : "सून दिवसांत आहे, तेवढी तोड लवकर द्या." तोड लवकर पाहिजे, कारण बिल लवकर पाहिजे. बिल लवकर पाहिजे, कारण दवाखाना पुढे उभा आहे. तेव्हा उसाचा आणि बाळंतपणाचा संबंध मी लावलेला नाही, तो आपणच मला दाखवला आहे.

त्या बांधावरच्या बोलण्यात घरचा वादही निघतो. म्हातारी म्हणते, "आमची सात-सात लेकरं सुईणीच्या हातावर झाली, काय बिघडलं?" मुलगा म्हणतो, "आता तो काळ राहिला नाही, उदगीरला मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं." सासऱ्याला खर्चाची काळजी. आणि जिच्या पोटात लेकरू आहे ती चुलीपाशी गप्प. वाद तसाच लोंबकळत राहतो आणि एके रात्री कळा सुरू होतात. मग जे जवळ असेल त्याच्याकडे धावायचे. तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी खोड आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे. पण सुईणीजवळ जे चांगले होते ते दवाखान्याच्या दारात टाकून द्यायचे कारण नाही. आणि हा निर्णय सातव्या महिन्यात, दिवसाउजेडी, घरातल्या सगळ्यांनी बसून घ्यायचा आहे. त्यातही सुनेला आधी विचारायचे.

सुईणीचे ऋण

पहिल्यांदा सुईणीला न्याय देऊ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आपला हा उदगीरकडचा भाग हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. देवणी स्वतंत्र तालुका झाला तो तर १९९९ मध्ये. दवाखाना लांब, रस्ता कच्चा, आणि पावसाळ्यात ओढा आडवा. अशा काळात रात्री-अपरात्री बोलावणे आले की कंदील घेऊन निघणारी बाई म्हणजे सुईण. तिने कधी फी ठरवली नाही. लुगडे-चोळी, पायलीभर जोंधळे, नारळ, जे हातावर ठेवले ते तिने घेतले. ती बहुधा गावकुसाबाहेरच्या वस्तीतली असायची. बाळंतिणीच्या खोलीत तिचे हात आपल्याला चालायचे, आणि एरवी तिचाच विटाळ मानायचा, हा आपल्या गावांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचाच होता असे आज स्पष्ट म्हणायला हवे.

तिचे गुण कोणते? ती घाई करीत नसे. पहिलटकरणीला बारा-बारा, पंधरा-पंधरा तास कळा चालतात हे तिला ठाऊक होते. ती जवळ बसायची, कंबर चोळायची, पेजपाणी द्यायची, धीर द्यायची. बाई ओरडली म्हणून तिच्यावर खेकसत नसे. बाळंतपणानंतर दहा-बारा दिवस आई-लेकराला न्हाऊ-माखू घालायला ती न चुकता यायची. हे सगळे औषधाइतकेच मोलाचे आहे.

सरकारनेही तिला एकदम दूर सारले नव्हते. १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा देशभर दाईंना प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले गेले. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि कापलेल्या नाळेला काही लावायचे नाही, ही पाच स्वच्छतेची शिकवण तिथूनच गावोगाव गेली. विळ्याने नाळ कापून वर शेण-राख लावायच्या चालीने किती लेकरे धनुर्वाताने गेली याची मोजदाद नाही. आईला टोचलेल्या लशीने आणि या स्वच्छतेने तो धनुर्वात हटला. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

तिचे हात कुठे थांबतात

आता दुसरी बाजू. आठ-नऊ बाळंतपणे सुखरूप होतात ती बाईच्या अंगच्या ताकदीने. सुईणीची खरी परीक्षा दहाव्या बाळंतपणाला असते, आणि तिथे तिच्या हातात काही नसते.

लेकरू झाल्यावर वार पडली नाही, किंवा पडूनही अंगावरून रक्त जायचे थांबले नाही, तर धडधाकट बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. त्याला इंजेक्शन, सलाईन आणि रक्ताची पिशवी लागते. रक्तदाब वाढून झटके आले तर घरचे लोक अंगात आले म्हणून लिंबू उतरवतात, पण त्याला लागते औषध. लेकरू आडवे असेल तर कितीही चोळले तरी ते सुटत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. या तिन्ही गोष्टी घरी होत नाहीत. सुईण कितीही हुशार असो, रक्त तिच्या बटव्यात नसते.

यातले बरेचसे आधी कळू शकते. रक्तदाब मापाने कळतो, रक्त कमी आहे हे तपासणीने कळते, लेकरू आडवे आहे हे सोनोग्राफीत दिसते. माती परीक्षण न करता खताच्या गोण्या ओतू नका असे मी तुम्हाला दर वर्षी सांगतो. इथेही तसेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर गरोदर बायांपैकी जवळजवळ शेहेचाळीस जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त नाही तिला थोडेसे जास्त गेलेले रक्तही झेपत नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या. "गोळीनं तोंड कडू होतं, संडास काळी होते" म्हणून त्या फडताळात पडून राहतात. बाई, त्या गोळ्या फडताळाला रक्त वाढवायला दिलेल्या नाहीत!

दवाखान्याने फरक पडतो की नाही, याचेही उत्तर आकड्यांत आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात देशात २५४ आया दगावत होत्या आणि महाराष्ट्रात १३०. २०१८-२० मध्ये देशाचा आकडा ९७ वर आला आणि महाराष्ट्राचा ३३ वर. हे एकट्या दवाखान्याने झाले असे नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, लेकरांची संख्या कमी झाली. पण त्याच काळात बाळंतपण घरातून दवाखान्यात गेले, आणि २०१९-२१ च्या पाहणीपर्यंत राज्यात शंभरातली चौऱ्याण्णव-पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, हे त्यातले मोठे कारण आहे.

हा प्रश्न मराठी घराला नवा नाही. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि उपचाराअभावी तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आपल्याकडच्या हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचाच. इतक्या वर्षांपूर्वी एका मराठी मुलीला जे कळले त्यावर आपण अजून ओसरीत बसून वाद घालतो.

सिझरची भीती

"दवाखान्यात नेलं की पोट फाडतात," ही बायांची तक्रार मला खोटी म्हणता येत नाही. त्याच पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणे सिझरने झाली, आणि सरकारी दवाखान्यांत चौदा. बायांची शरीरे दवाखान्याच्या पाटीप्रमाणे बदलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्येच म्हटले होते की, कुठल्याही प्रदेशात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त सिझर होण्याला आधार नाही. वेळेवर केलेले सिझर आई-लेकराचा जीव वाचवते. गरज नसताना केलेले सिझर म्हणजे कर्ज, टाके, आणि पुढच्या बाळंतपणाची जोखीम. म्हणून "सिझर का करता?" हे विचारायचा नवऱ्याला आणि सासूला हक्क आहे. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर देतो, रागावत नाही.

डॉक्टर म्हटले की सगळेच सोवळे, असेही समजू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण उघडकीला आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर बायांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. हे सगळे दवाखान्यातच झाले.

आणि एक तिसरा इसम आहे. तो सुईणही नाही आणि डॉक्टरही नाही. मोटारसायकलवर पिशवी लावून येतो, "कळा वाढवायचं इंजेक्शन" देतो आणि दोनशे-पाचशे घेऊन जातो. सगळ्यांत जास्त धोका याच्यापासून आहे. ते इंजेक्शन चुकीच्या वेळी पडले तर गर्भपिशवी फाटते, लेकरू गुदमरते. जुनी सुईण निदान हे करीत नव्हती. त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण, आणि नेणे-आणणे मोफत आहे. १०२ आणि १०८ या नंबरांवर गाडी मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून गरोदर बायांची फुकट तपासणी होते, ती २०१६ पासून. सावकाराकडे जाण्यापूर्वी किंवा ऊसबिलावर उचल मागण्यापूर्वी हे दार एकदा ठोठावून पाहा. तिथे गर्दी असते आणि बोलणे कधी कधी तुटक असते, हे खरे आहे. पण रात्री अडचण आली तर आपल्या माणसाला पुढे उदगीरच्या सरकारी रुग्णालयात किंवा लातूरला पाठवायची साखळी त्याच दाराशी सुरू होते.

सुईण आणि शिकलेली दाई

काही शिकलेले सभासद म्हणतात, "साहेब, परदेशात तर डॉक्टर नसतातच, दाया बाळंतपण करतात." हे अर्धे खरे आहे. इंग्लंडमध्ये, नेदरलँड्समध्ये सरळ बाळंतपणे मिडवाइफ करतात. पण ती मिडवाइफ काही वर्षे शिकून परवाना घेतलेली असते. तिच्याजवळ औषधे असतात, आणि तिच्यामागे रुग्णवाहिका व मोठा दवाखाना उभा असतो. आपल्या सुईणीच्या पाठीमागे काय होते? मारुतीचा पार आणि देवाचे नाव. दोघींना एकच शब्द लावून चालणार नाही. आपल्या सरकारनेही २०१८ मध्ये अशा शिकलेल्या मिडवाइफ नर्स तयार करायचे धोरण आखले, आणि आपला शेजारी तेलंगणा त्यात पुढे आहे. ही वाट चांगली आहे. सुईणीचा धीर आणि दवाखान्याची सोय एका माणसात आली तर निम्मी सिझरे आपोआप कमी होतील असे मला वाटते.

गावातली बाई शिकली की काय करू शकते याचे दाखले आपल्या महाराष्ट्रातच आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, कित्येकदा निरक्षर, बायांना आरोग्याचे काम शिकवले. गरोदर बाईवर लक्ष ठेवायचे, सरळ बाळंतपणाला मदत करायची आणि अवघड दिसले की वेळेत दवाखान्यात पाठवायचे, हे त्या करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. आज आपल्या दारी बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई येते, लेकराचे वजन करते, ते या कामाचेच फळ आहे. ती आली की "उद्या या" म्हणून परत पाठवू नका.

सातव्या महिन्यात काय ठरवायचे

दिवस गेल्याचे कळताच, तीन महिन्यांच्या आत उपकेंद्रात नाव घाला. निदान चार तपासण्या झाल्याच पाहिजेत. आणि सातवा लागला की घरात बसून पुढच्या गोष्टी ठरवा :

१. कुठल्या दवाखान्यात जायचे, आणि तिथून पुढे पाठवले तर कुठे.

२. रात्री गाडी कोणाची. १०८ ला उशीर झाला तर शेजारचा कोण येईल. त्याला आजच विचारून ठेवा.

३. बाईचा रक्तगट कोणता, आणि रक्त द्यायला कोण दोघे तयार आहेत.

४. सोबत कोण जाणार. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी एक अनुभवी बाई जवळ ठेवायची मुभा आहे. तुमच्या गावची जुनी सुईण असेल तर तिलाच न्या ना! ती तिथे कंबर चोळील, धीर देईल. नाळेचे काम नर्सबाई करील. दोघींचा मान राहील.

५. पहिले बाळंतपण माहेरी असते. आपल्या पुष्कळ सुनांचे माहेर भालकी, औराद, बीदरकडचे, म्हणजे कर्नाटकातले. इकडचे कार्ड इकडे राहते, तिकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि मधल्या दोन महिन्यांत तपासणीच होत नाही. ओटी भरून पाठवताना त्या ओटीत कार्ड आणि तपासणीचे कागद घाला. पोचल्या आठवड्यात तिकडच्या दवाखान्यात नाव घालायला सांगा.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हाताला सूज, अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, लेकराची हालचाल कमी होणे, यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

आणि लेकरू झाल्यावर पहिल्या तासात आईचे दूध. आपण देवणी जातीची गाय जपणारी माणसे. गाय व्याली की वासराला तासाभरात चीक पाजतो. चीक मिळाला नाही तर वासरू जगायचे नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि नातवाच्या वेळी तोच चीक "जड असतो" म्हणून पिळून टाकतो, आणि त्याला मध चाटवतो! हा न्याय कुठला?

फडातल्या बाईचे काय?

आता शेवटचे, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. आतापर्यंत बोललो ते घर असलेल्या बाईविषयी. तिला सुईण की डॉक्टर हा प्रश्न तरी पडतो. आपल्या उसात कोयता घेऊन उभ्या असलेल्या बाईला तोही पडत नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या जोडीवर. बाई बसली की अर्धा कोयता, आणि खाडा पडला की पैसे कापले. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातही ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिचे नाव ज्या उपकेंद्रात आहे ते शंभर-दोनशे किलोमीटर मागे राहिले. इथली आशाताई तिला ओळखत नाही. कोपीत कळा सुरू झाल्या की जवळ असते ती शेजारच्या कोपीतली बाई आणि उसाचा कोयता. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिच्याइतकेच आपले साखरेचे पोते भरणाऱ्या या बाईला मात्र दुसऱ्या आठवड्यात लेकरू पाचटावर टाकून उभे राहावे लागते.

याला सुईण जबाबदार नाही आणि डॉक्टरही नाही. हा आपला प्रश्न आहे, कारण ऊस आपला आहे. संचालक मंडळापुढे आणि आपल्यापुढे मी चार सूचना नम्रपणे ठेवतो. टोळी उतरली की आठ दिवसांत चिटबॉयने गरोदर बायांची यादी करून ती गट ऑफिसमार्फत आरोग्य केंद्राला द्यावी. मुकादमाच्या करारात सातव्या महिन्यानंतर डोक्यावर मोळी नाही आणि बाळंतपणाचा खाडा नाही, असे कलम घालावे. त्याचा जो काही बोजा पडेल तो कारखान्याने सोसावा. हंगामात रात्री गट ऑफिसला एक जीप आणि ड्रायव्हर तयार ठेवावा. आणि ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदाने कोपीत एकदा विचारावे, "बाई, कितवा महिना? कार्ड कुठं आहे?"

या खर्चाची कारखान्याला झळ बसेल असे कोणी म्हटले, तर एका हंगामात गाड्यांच्या खेपा नुसत्या खोळंबून किती डिझेल जळते त्याचा हिशेब मी वार्षिक सभेत मांडायला तयार आहे.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याच्या खताविषयी लिहीन. तोवर ज्यांच्या घरी सातवा लागला आहे त्यांनी आज संध्याकाळी जेवणानंतर वरच्या पाच गोष्टी ठरवून टाकाव्यात, आणि पहिला प्रश्न सुनेला विचारावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी